आठवा भाग, एक्केचाळिसावं मिनिट

ताई,

दूध तापवून ठेवलंय. मी प्रयोगशाळेत जातेय, सातपर्यंत येईन.

सरकार घराघरातलं बोलणं ऐकतं ती आपली मालिका काल तू होणाऱ्या भावोजींबरोबर पुढे पाहिलीस. टीव्हीवरची नोंद मी मुद्दाम तपासली, त्याची लाज वाटतेय. आठवा भाग एक्केचाळिसाव्या मिनिटाला थांबवलेला आहे, बरोब्बर मंत्रीणबाई खोटं बोलतात तिथे. नुसता पाहिला असतास तर चाललं असतं. पण मध्येच थांबवून ‘फितूर कोण’ यावर भांडायचं, हे फक्त आपलं होतं ना? लग्नानंतर तू घर सोडणार हे मी गृहीत धरलं होतं. हे नव्हतं धरलं.

नववा भाग माझ्याशिवाय लावू नकोस. फितूर मला सापडलाय, पण त्यांच्यासमोर सांगणार नाही.

धाकटी