शिकाऊ मुलीनं दोनदा विचारलं

मंगळवार, संध्याकाळ. धाराशिव

आई गेल्यानंतर आज पहिल्यांदा कामावर गेलो. आमच्या धावपट्टीवर विमानांना सूचना देणारा मनोरा नाही. शिकाऊ वैमानिक आपण कुठं आहोत ते रेडिओवर सांगतात. मी ते फळ्यावर लिहितो आणि दुसऱ्यांना कळवतो. काम एवढंच.

दुपारी एक विमान पश्चिमेकडून उतरत होतं. तेवढ्यात पूर्वेकडून उतरायला आलेल्या दुसऱ्या विमानातल्या शिकाऊ मुलीनं रेडिओवर विचारलं, "आणखी कुणी उतरतंय का?" मी बोललो नाही. तिनं पुन्हा विचारलं. शेवटी समोरचं विमान तिलाच दिसलं, म्हणून तिनं आपलं बाजूला काढलं. फार थोडक्यात वाचले दोघं.

विमान शिकवणाऱ्या सरांनी उत्तर का दिलं नाही म्हणून विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "आई आठवली."

सर माझ्या भादरलेल्या डोक्याकडं बघत राहिले. "असू द्या. घरी जावा, दोन दिवस बसा." मग तिला बोलले, "उत्तर येईना तर पुढं कशाला आलीस?" ती खाली मान घालून उभी होती. जाताना मलाच म्हणाली, "काका, जेवून घ्या."

तिचा प्रश्न मला दोन्ही वेळा ऐकू आला होता. मी मोबाईलवर मॅच बघत होतो. षटक संपू दे म्हटलं.

आई आठवली ती आत्ता, घरी आल्यावर. तिच्या नावानं खोटं बोललो म्हणून.