फारूखनं भरलेलं तेल

मी, कडुबा सांडू गाडेकर, वय एकाहत्तर, धंदा मोटार मेकॅनिक, मूळचा फुलंब्रीचा, हल्ली राहणार छावणी, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. अक्षर वाकडं येतं ते वयानं. दारूला मी कधी शिवलो नाही. कुणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करायला आता उरलंय कोण?

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझी एकुलती मुलगी प्रेरणा हिला. तिनं माझं वर्षश्राद्ध घालू नये. माझी तेवढी लायकी नाही.

२. पाने, जॅक, चेनकप्पी, सगळं गॅरेजात माझ्या हाताखाली काम करणाऱ्या धम्मपालला. दहा वर्षं त्यानं माझा तापट स्वभाव सोसला. बाबा रे, जुनी गाडी आली की डब्यावरची जाहिरात वाचत बसू नको. आजवर तिला कोणतं तेल चाललं ते विचार अन् तेच घाल. अँबॅसिडरला जाड, वीस-पन्नास नंबरचं तेल. महागाचं पातळ तेल घातलं की जुने सील गळायला लागतात, मग गिऱ्हाईक तुलाच शिव्या घालतं. आणि म्हातारं इंजिन आतून धुवायच्या भानगडीत तर मुळीच पडू नको.

३. हे कलम मालमत्तेचं नाही, काढा, असं वकीलसाहेब म्हणाले. मी काढणार नाही.

फारूख सत्तावीस वर्षं गॅरेजात माझा भागीदार होता. २०१४ साली एक जुनी अँबॅसिडर आली. इंजिनात काळा गाळ साचलेला. मला लई हुशारी! मी इंजिन धुवायचं औषध ओतलं. फारूख म्हणाला, "बुढ्ढे इंजिन का मैल नक्को हिलाव, भाऊ." मी हसलो. दुसऱ्या दिवशी त्यानं मापात, बरोबर जाड तेल भरलं. गाडी वेरूळच्या घाटात जाम झाली.

गाडीचा मालक गॅरेजसमोर भर बाजारात ओरडायला लागला. मी बोट दाखवलं, "तेल यानं भरलं." फारूखनं हात पुसले अन् तो गेला.

मग मी इंजिनाखालचं तेलाचं चेंबर खोललं. सुटलेल्या गाळानं तेलाची जाळी गच्च बुजलेली. तेल वर चढलंच नव्हतं. चूक माझीच. मी जाळी डिझेलनं धुतली आणि गप्प बसलो. सोन्यासारखा कारागीर फुलंब्रीच्या रस्त्याला पंक्चर काढत बसला, कारण त्याच्या हाती कुणी इंजिन देईना. मागच्या वर्षी तो वारला. मी मातीला गेलो, सगळ्यांच्या मागं उभा राहिलो. तिथंही तोंड उघडलं नाही. थू माझ्या जिंदगानीवर!

४. गॅरेजची जागा फारूखच्या बायकोला, वहिदाभाभींना द्यायची होती. मागच्या आठवड्यात जाऊन सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "जागा नक्को, भाऊ. कागद आणा, वाचून साक्षीची सही करते." म्हणून जागा धम्मपालला. अट एकच: मी मेल्यावर धम्मपालनं कलम तीन त्याच बाजारात, भर दुपारी, मोठ्यानं वाचावं. त्यानं काही भरून येणार नाही, ते मला कळतं.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: कडुबा सांडू गाडेकर (सही)

साक्षीदार १: राजेंद्र, शेजारी (सही)

साक्षीदार २: वहिदा फारूख शेख (सही)
सहीखाली त्यांच्या हातचं: कडुबाभाऊ, चूक कुणाची ते आमच्या यांनी त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं. तुम्ही स्वतः येऊन बोलाल म्हणून बाहेर कुणाला सांगितलं नाही. यांनी मरेपर्यंत दहा वर्षं वाट बघितली.