आत्ताशी निम्मं अंतर

दि. ११, रविवार, दुपार

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. आईंचे गुडघे सुजलेत. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय. तुमचे दादा त्याला चिंधी बांधायचे आणि "झाला दुरुस्त" म्हणून घरभर मिरवायचे. या वेळी चिंधी मी बांधली. फोन तुम्ही उचलत नाही, तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही.

शाळा सुरू झाली. सातवीला नकाशे शिकवायला घेतलेत. तुमची संत्र्याची गंमत अजून सांगते. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आलात, सगळ्यांची संत्री सोलून ठेवलीत आणि साल ताटात सपाट बसवायला लावलीत. बसेना. कुठे फाटली, कुठे ताणावी लागली. तेव्हा म्हणालात, "वहिनी, गोल पृथ्वी कागदावर आणायची म्हणजे प्रत्येक नकाशा थोडं खोटं बोलणारच. पण कोणतं खोटं, किती, ते खाली लिहून ठेवतो. म्हणून तो प्रामाणिक." त्यावर हे म्हणाले, "हा लग्नाला उभा राहिला तर मुलीच्या बापाला आधी प्रमाण सांगेल." हसून हसून माझं पोट दुखलं होतं.

आईंचा दिवसभर एकच जप चालतो. "मोठा पहिल्यापासून धांदरट. धाकटा असता तर असा चुकला नसता." मी ऐकून घेते. मुलगा गेलेल्या बाईला काय उलट बोलायचं?

परवा शिट्टीवाला येऊन गेला. बचाव पथकात यांच्या मागून चालणारा, गळ्यात कायम शिट्टी असते तो. यांची पाठपिशवी घेऊन आला होता. यांच्याबरोबर खाली गेलेली, मग पथकाच्या चौकीत खुंटीला टांगून राहिलेली. चहा न पिता बोलत बसला. धुक्यात पुढचा माणूस दिसत नव्हता म्हणे. हरवलेल्या दोघांना शोधत पठार ओलांडायचं आणि कड्याच्या बरंच अलीकडे वळायचं, असं ठरलं होतं. याने मागून ओरडून विचारलं, "दादा, कडा आला का हो?" हे म्हणाले, "छे रे, आत्ताशी निम्मं अंतर झालंय." त्यानंतर फक्त दगड गडगडल्याचा आवाज आला. हा तिथेच उभा राहून शिट्टी वाजवत राहिला. ज्यांना शोधायला गेले होते ते दोघे दुसऱ्या वाटेने आपले आपण खाली उतरले.

चौकशी समितीने तेच वाक्य धरून ठेवलंय. निम्मं अंतर म्हणाला आणि पडला, म्हणजे पावलं मोजण्यात चुकला. तुमच्या साहेबांनी तुमच्या नकाशा कार्यालयाच्या कपाटातला मूळ नकाशा पाहून लेखी कळवलं की नकाशात दोष नाही. खापर फुटलं मेलेल्या माणसाच्या डोक्यावर. तो काय येऊन भांडणार आहे?

पिशवीत नकाशा होता, भाऊजी. भिजून, वाळून पुठ्ठ्यासारखा कडक झालेला. मूळ नकाशा नव्हे, तुम्ही दिलेला. "बॅटरीच्या उजेडात रेषा एकमेकींत शिरतात, डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत, जरा मोठा करून दे" असं यांनीच तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही सुट्टीच्या दिवशी बसून दुप्पट करून दिलात. हे चौकीत सगळ्यांना दाखवत फिरले, "माझ्या भावाने केलाय."

तुम्ही शाळेला दिलेला छापील मूळ नकाशा वर्गात आहे. दोन्ही शेजारी ठेवले. चौकीपासून कड्यापर्यंत त्यावर दोन सेंटिमीटर, यावर चार. आणि खाली दोन्हींवर एकच ओळ, 'एक सेंटिमीटर बरोबर पाचशे मीटर'. यावर ती तुमच्या हातची आहे. कागदावर जागा पुरेना म्हणून रेषाप्रमाणाची पट्टी तुम्ही कापून टाकलीत. ती राहिली असती तर नकाशाबरोबर तीही दुप्पट झाली असती आणि खरं अंतर सांगत राहिली असती. लिहिलेलं वाक्य तसं वाढत नाही. हेच मी दरवर्षी फळ्यावर शिकवते.

समासात यांनी पेन्सिलीने लिहिलंय, 'कडा दोन कि.मी.' कडा एकावरच होता. हे म्हणाले ते बरोबरच होतं. तुमच्या कागदाप्रमाणे निम्मंच झालं होतं.

तुम्ही ते मायेने केलंत, हे मला ठाऊक आहे. हातून चूक कुणाच्या होत नाही? येऊन सांगितलं असतंत तर दोघं गळ्यात पडून रडलो असतो. पण यांना पोचवून आल्यावर तुम्ही मला पहिला प्रश्न काय विचारलात, आठवतं? "वहिनी, दादांची पिशवी कुठे आहे?" मला वेडीला वाटलं, आठवण म्हणून हवी असेल. त्या वेळी मला तुमचीच दया आली होती. आता राग येतो, आणि तो लपवायची माझी इच्छा नाही.

चौकीत त्या नकाशाच्या आणखी प्रती लावल्या होत्या. त्या मी शिट्टीवाल्याला सांगून त्याच दिवशी उतरवल्या. कुणाचं नाव घेतलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तुम्हाला वाटत असेल, पण ती मूठ आता माझ्याकडे आहे.

गुरुवारी समिती पुन्हा बसणार आहे. मी बाहेरच्या बाकावर दोन्ही नकाशे घेऊन बसेन. तुम्ही आलात तर ते तुमच्या हातात देईन, आत तुम्ही एकट्याने जायचं. तुम्ही नाही आलात, तर मी जाईन.

आईंना मी काही सांगितलेलं नाही. दुसरा मुलगाही त्यांच्यापासून हिरावून घ्यायचं काम माझं नाही. ते तुम्ही समोर बसून सांगा. निदान एवढं तरी त्यांना कळू दे, की त्यांचा मोठा मुलगा धांदरट नव्हता. तो शेवटच्या पावलापर्यंत धाकट्या भावाचं अक्षर बरोबर वाचत चालला होता.

गुरुवारपर्यंत तरी तुमचीच,
वहिनी