दुसऱ्या हाफची वाघीण

३ फेब्रुवारी
कापूरहोळच्या फाट्यावर आमच्या सायलीचा फ्लेक्स लागला. 'मार्गासनीची शान, दुसऱ्या हाफची वाघीण.' फोटोत ती एवढीशी, बाकी सगळे शुभेच्छुक. कबड्डी लीगच्या निवडीत नाव आलं, एवढंच झालंय. तिथं पोरगी अजून एक चढाई खेळलेली नाही.

ह्याच खांबावर वंदनाचा फ्लेक्स होता. तीही माझीच विद्यार्थिनी, तीही वाघीणच. राज्याच्या शिबिरातून आठ दिवसांत परत आली. आता फाट्यावर नवऱ्याबरोबर मिसळीचं हॉटेल चालवते.

सा.चं लीगचं शिबिर १७ला. पोलीस भरतीचं ग्राउंडही १७लाच. दोन्ही पुण्यात. भरतीसाठी दोन वर्षं पहाटे धावलीय ती. घरचे म्हणतात, बाई सांगतील तसं. म्हणजे उद्या काही बिनसलं की बाईंच्या नावानं शिमगा.

५ फेब्रुवारी
वहीतून सा.चे गुण काढले. आपल्या मैदानावरच्या, शिवऱ्याच्या शाळेशी झालेल्या तीन मॅच. पहिला हाफ : ३, २, ३. दुसरा : ९, ११, ८. माणूस खेळून दमतं, ही ताजी होत जाते? पटत नाही.

आधी शिवऱ्याच्या पोरींवर संशय, मुद्दाम सोडत असतील. मग सा.च्या बाटलीवर. हळूच वास घेतला. लिंबू-मीठ. लाज वाटली. पण संशय काही गेला नाही.

८ फेब्रुवारी
सरावात पाण्याचा जार कलंडला. पाणी मधली रेषा ओलांडून सरळ ओढ्याकडं पळालं. बघतच राहिले. मैदान शाळेकडून ओढ्याकडं उतरतंय. सत्तावीस वर्षं शिट्टी वाजवतेय इथं.

ओढ्याकडं करंजाची सावली. म्हणून पहिल्या हाफला ती बाजू पाहुण्यांना द्यायची, टॉस नावाला. दुसऱ्या हाफला ती आपल्याकडं येते. मग चढाई करून परत पळायचं ते उताराला. पहिल्या हाफला आपण मागे पडतो, दुसऱ्यात भरून काढतो. गाव म्हणतं, जिद्द.

१० फेब्रुवारी
शिवऱ्याच्या पोरी सरावाला बोलावल्या. ओढ्याची बाजू आधी आपल्याला घेतली. सरपंच बघायला आलेले. "बाई, पावण्यांना उन्हात उभं करायचं? आपली रीत न्हाई ती."

सा. पहिल्या हाफला दहा. दुसऱ्याला दोन. पकडली गेली ती दर वेळी मधल्या रेषेपासून हातभर अंतरावर.

सरपंच : "आज पोरीचं ध्यान न्हाई."

एरवी शंका खरी ठरली की मला बरं वाटतं. आज नाही वाटलं.

१२ फेब्रुवारी
वंदनाकडे गेले. उताराचं सांगितलं. ती तर्री वाढत होती, हात थांबलासुद्धा नाही.

"बाई, ते मला तवाच कळलं हुतं. तिथं सपाट मॅटवर पाय माघारी येईनात. आल्या आल्या तुमाला सांगितलं की म्या."

मी काय म्हणाले होते तेव्हा?

"कारणं सांगू नगंस म्हणालात."

आठवलं. हिच्या डोक्यात हवा गेली, असंही म्हणाले होते, सगळ्या स्टाफसमोर. जगावर शंका घेतली, फक्त स्वतःवर घ्यायची राहिली. मिसळ तशीच ठेवून उठले. तिनं डब्यात भरून दिली.

१४ फेब्रुवारी
सा.ला मैदानावर पाणी ओतून दाखवलं. सगळं सांगितलं, वंदनाचंही. ती ओघळाच्या मागोमाग ओढ्याकडं चालत गेली, परत आली.

"म्हंजी म्या वाघीण न्हाई."

म्हटलं, ते मला माहीत नाही. आजवर कळायची सोयच नव्हती.

"मॅटवर दोनी हाफ सारखंच असत्यात न्हवं?"

हो.

"मग तुमीच सांगा, कुठं जाऊ?"

नाही सांगितलं. तिचं तिनं ठरवावं, म्हणून? की पुन्हा अंग काढून घेतलं...

१७ फेब्रुवारी
सकाळच्या एसटीला सोडायला गेले. बॅगेत दोन्ही बूट, मॅटचे आणि धावायचे. ठरवलंस का, विचारलं. "स्वारगेटपतोर टाइम हाय की."

दुपारी मुख्याध्यापकांना म्हटलं, मैदान सपाट करून घेऊ. ते म्हणाले, "मग आपल्या पोरी जिंकायच्या कशा?" म्हणजे ह्यांना माहीत होतं? की सहज बोलले?

संध्याकाळी सा.चा फोन. मागे पोरींचा गलका.

"बाई, हितं मॅटवर पाणी ओतून बघितलं. जाग्यावरच थांबलं."

कुणी बघितलं नाही ना?

"बघितलं. सरांनी पुसाय लावलं."

भरतीचं ग्राउंड एव्हाना उरकलं असेल. उद्या तिचा शिबिरातला पहिला सराव सामना. पहिल्या हाफला किती, दुसऱ्याला किती, तेवढं कळव म्हटलं.