पोचा आलेलं पातेलं

इगतपुरी, १४ जानेवारी २०२४

चि. ज्ञानेश यास नवसाआत्याचे अ. उ. आ.

दिवाळीत नाशिकला आले तेव्हा मलाही चित्र शिकव म्हणून तुझ्या मागे लागले होते. तू म्हणालास, आत्या, रोज अर्धा तास, वर्षभर एकच वस्तू काढ, मग बोलू. मी चहाचं ते पोचा आलेलं पातेलं घेतलंय. सकाळी पाणी भरून झालं की खिडकीपाशी बसते. आजचं एकावन्नावं. सगळी सोबत पाठवतेय. फोनवर फोटो काढला की पेन्सिल पुसट दिसते, म्हणून टपालाने.

एक अडतंय. पातेल्याचं तोंड वरून भाकरी चिकटवल्यासारखं दिसतं, आत खोली येत नाही. काय चुकतं ते चार ओळींत कळव. शेजारची मंजुषा म्हणते, काकू, पातेलं घासायचं सोडून काढत काय बसलात! तुझे काका असते तर तेही हसले असते, आणि पेन्सिलीला टोक करून दिलं असतं.

सूनबाईला, तेजस्विनीला सांग, थंडीत कान बांधत जा. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी नवसाआत्या


नाशिक, २० फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास ज्ञानेशचा शि. सा. न.

पाकीट मिळालं. छान चाललंय! चित्रकलेच्या क्लासमध्ये ग्रेड परीक्षेची मुलं आहेत, श्वास घ्यायला फुरसत नाही, म्हणून उशीर. पातेल्याचं म्हणशील तर सराव कर, आपोआप जमेल. वर्ष झालं की इगतपुरी स्टेशनवर वडेवाल्यांच्या शेजारी तुझं प्रदर्शन भरवू! तेजस्विनी नमस्कार सांगते. माया आहे ती अशीच असू दे.

तुझा ज्ञानेश


इगतपुरी, २१ जुलै २०२४

चि. ज्ञानेश यास अ. उ. आ.

तीन पाकिटं पाठवली, उत्तर नाही. कामात असशील. इथे महिनाभर सूर्य नाही, कागद सादळलेल्या पापडासारखा होतो. उजेडासाठी दाराशी बसते.

तोंडाचं कोडं सुटलं बरं का. तोंड गोल आहे हे मला ठाऊक, म्हणून मी गोल काढत होते. डोळ्यांना ते गोल दिसतच नाही, चपटं दिसतं, पुढची कड खाली झुकते. ठाऊक असलेलं सोडलं आणि दिसतं तेवढंच काढलं, तर पोचासुद्धा जागेवर बसला. सहा महिने लागले. त्या दिवशी एकटीच लय हसले. आता खोडरबर फारसं लागत नाही.

एकदा तरी चांगलं-वाईट कळव. शिव्या दिल्यास तरी गोड मानीन.

तुझी आत्या


नाशिक, ४ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास शि. सा. न.

तुझी सगळी पाकिटं काल एका बैठकीत पाहिली. काय बोलू! जुलैतली पातेली समोर ठेवून किती वेळ बसलो, मलाच कळलं नाही. आहेत ती सगळी पाठव, पुढचीही पाठवत राहा. चांगला कागद पाठवतोय. मात्र चित्रावर नाव-तारीख घालू नकोस, कागद खराब दिसतो. आणि फोनवर कोणाला फोटो देऊ नकोस, लोक चोरतात. तब्येत सांभाळ.

तुझाच ज्ञानेश


इगतपुरी, ९ डिसेंबर २०२४

चि. ज्ञानेश यास आशीर्वाद.

वर्ष पुरं झालं. शेवटचं चित्र तुझ्या हातात द्यावं म्हणून शनिवारी न कळवता आले होते, हे तुला ठाऊकच आहे. घराला कुलूप. खालच्या बाई म्हणाल्या, सरांचं प्रदर्शन आहे ना, गंगापूर रोडला. मी हौसेने रिक्षा केली.

भिंतीवर चोवीस पातेली, काचेत. खाली तुझं नाव. वाटलं, नजर चुकतेय. मग पोचा दिसला.

एक बाई तुला विचारत होत्या, एवढा हात कसा बसला. तू सांगत होतास, रोज अर्धा तास, वर्षभर. तेवढ्यात तू मला पाहिलंस. म्हणालास, ही माझी आत्या, पातेलं हिच्याच घरचं. बाईंनी मला हात जोडले, म्हणाल्या, भाग्यवान आहात. चारचौघांत तुझी मान खाली जायला नको म्हणून मी हसले. शेवटचं चित्र पिशवीत तसंच घेऊन एसटीत बसले.

दादा तुला, पोटच्या पोराला, विंचूरला कांद्याच्या मार्केटात बसवणार होता. मी सख्ख्या भावाशी भांडले, सहा वर्षं अबोला धरला, तुला माझ्याकडे ठेवून घेऊन चित्रकलेच्या कॉलेजला धाडलं. कशासाठी, ते तूच सांग. चित्रं परत पाठव.

नवसाआत्या


नाशिक, १६ डिसेंबर २०२४

ती. आत्यास शि. सा. न.

खरं तेच लिहितो. तू मागे लागली होतीस, म्हणून टाळायला तसं सांगितलं होतं. पहिलं पत्र तेवढं वाचलं, चित्रं पाहिली नाहीत, आणि पुढचं एकही पाकीट फोडलं नव्हतं मी. ऑगस्टमध्ये तेजस्विनीने ती फोडली. क्लास काढल्यापासून नऊ वर्षांत माझं स्वतःचं एकही चित्र पुरं झालेलं नाही, मुलांच्या चुका खोडण्यात हात गेला. तुझी चित्रं पाहून आधी आनंद झाला नाही, जळफळाट झाला.

पण साठीच्या बाईचं पातेलं बघायला कोण आलं असतं? माझ्या नावाने निदान भिंतीवर लागलं. आता मागे फिरता येत नाही. पेपरात फोटो आलाय. जानेवारीत एका संस्थेने लोकांसमोर काढून दाखवायला बोलावलंय, आणि मला तसं येत नाही. आठ दिवस तुझ्याकडे येतो, हात कसा फिरवतेस ते दाखव. कुणाला बोलू नकोस, क्लास बसेल. पोटात घाल.

तुझा ज्ञानेश


इगतपुरी, २३ डिसेंबर २०२४

ज्ञानेश,

येऊ नकोस. आठ दिवसांत दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नाही, असतं तरी दाखवलं नसतं. टाळायला का होईना, तू सांगितलंस ते खरं होतं. स्वतः मात्र एक दिवस केलं नाहीस.

कोण आलं असतं, विचारतोस. मला कोणी यायला नकोच होतं. तू एकट्याने पाहिलं असतंस तरी पुरे होतं. तुझं पत्र आल्यापासून रोज बसते. रेघ बरोबर येते, आणि लगेच मनात येतं, हे तो कुठे टांगेल. की पेन्सिल खाली ठेवते.

काल विंचूरला गेले, दादाला सगळं सांगायला. दारातच त्याने मला पेपरातला तुझा फोटो दाखवला. चौकट करून देवाच्या शेजारी लावलाय. म्हणाला, नवसे, तू तेव्हा भांडलीस म्हणून पोरगं मोठं झालं, मीच चुकलो होतो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वीस वर्षं त्याच्या तोंडून हेच ऐकायचं होतं मला.

वहिनीने जेवायला वाढलं. मी जेवले आणि परत आले.

नवसा