गाडी रोहण्याच्या अलीकडे थांबली

१ ऑगस्ट, पहाटे
तहसील कचेरीतल्या फायलींत निम्मा जन्म गेला. कालपासून स्वेच्छानिवृत्त. आजपासून लेखक. टेबल खिडकीशी लावलं. नवा पेन, नवी रोजनिशी. कादंबरीचं पहिलं वाक्य गेल्या दिवाळीपासून तयार आहे: गाडी रोहण्याच्या अलीकडे थांबली. जबरदस्त वाक्य. आता फक्त दुसरं.

विषय घरचाच. बाबा पुलगाव-आर्वी छोट्या लाइनीवर रोहणा स्टेशनला गँगमन होते. मी तान्हा असताना एके दिवशी त्यांनी लाल झेंडी दाखवून चालती गाडी थांबवली. रूळ धड, पूल धड. साहेबानं विचारलं, क्यों रोका? बाबा म्हणाले, मन झालं. पगारवाढ रोखली गेली आणि आर्वीनं नाव ठेवलं, झेंडीवाला प्रेमदास. शाळेत मी झेंडीचा पोट्टा. पुढे लाइन बंद पडली, रुळांत बाभळी उगवल्या, नाव तेवढं चालू राहिलं.

माझी कादंबरी बाबांना कारण देणार. भव्य कारण. मित्र गजेंद्र त्याच्या दिवाळी अंकात पहिलं प्रकरण छापतोय. वीस सप्टेंबरपर्यंत हवं म्हणाला. म्हणजे निवांत.

३ ऑगस्ट
दुसरं वाक्य नाही. खिडकीतून शेजारच्या रूपरावची म्हैस दिसते. दिसली तर चालेल, पण ती माझ्याकडे बघते. टेबल फिरवून भिंतीला लावलं. मोठे लेखक भिंतीकडे बघूनच लिहीत असणार.

बाबांनी ओसरीतून विचारलं, काय लिहून राह्यला? म्हटलं, तुमच्या गाडीचं. म्हणाले, मंग ये न इथं, बस, सांगतो तुले काऊन थांबवली ते. म्हटलं, नको बाबा, ही कादंबरी आहे, जबानी नाही. हकिकत एकदा कानात शिरली की कल्पना मरते. बरं म्हणाले. कमला दारात पीठ मळल्या हातांनी उभी होती. मान हलवून आत गेली. बायकोला सर्जनशीलता समजावणं कठीण.

१० ऑगस्ट
आज भरपूर काम. गाडी थांबण्याची कारणं काढली. वाघ: गाव हसेल. तुटलेला रूळ: चौकशीत धड निघाला होता. दरोडेखोर: त्या गाडीत लुटायला होतं काय, संत्री? रुळावर एक बाई: फार फिल्मी. काटलं. बाबांचा आतला आवाज: हे उत्तम, पण तो आवाज नेमकं काय म्हणाला ते सुचेना. डोकं दुखलं. झोपलो.

१६ ऑगस्ट
सकाळी बाबा पुन्हा सुरू. सांगू का? म्हटलं, मूड आहे, मोडू नका. मूड लगेच मोडला.

कमला रात्री म्हणाली, ऐकून घ्या न एकदा, म्हातारं मानूस हाय, आज हाय उद्या नाई. म्हटलं, इतकी वर्षं ते या विषयावर चकार शब्द बोलले नाहीत. आई होती तोवर तर गाडीचं नाव काढलं की उठून जायचे. आई गेल्यावरच ही टकळी सुरू झाली. एकटेपणा असतो, दुसरं काय. कमला म्हणाली, तुमाले लय समजते. हा टोमणा होता. दुर्लक्ष केलं.

२३ ऑगस्ट
आज तान्हा पोळा. गल्लीभर लाकडी बैल आणि पोरांचा कालवा. या गावात साहित्य होणं शक्य नाही. निर्णय: आंजीला साळ्याच्या शेतावर जायचं. एकांतात आठवड्यात प्रकरण उडवतो.

२७ ऑगस्ट, आंजी (मोठी)
एकांत आहे. इतका आहे की कानात शिट्टी वाजते. साळा धर्मेंद्र भला माणूस, पण त्यानं पहिल्याच रात्री विचारलं, भाटोजी, खरंच काऊन थांबवली होती बुढ्यानं? म्हटलं, कादंबरीत वाचा. रात्रभर झोप नाही. डास.

३० ऑगस्ट
एसटीनं परत. एकांत हा प्रकार overrated आहे हे इंग्रजीतच लिहावं लागेल, मराठीत तेवढं झोंबत नाही.

ही वही कोणी वाचणार नाही, तर लिहून टाकतो. मला भीती वाटते. समजा बसलो ओसरीत, ऐकलं, आणि बाबा म्हणाले, काही नाही रे, त्या दिवशी थोडी घेतली होती. मग? शाळेत ज्यांच्या कानाखाली वाजवली ते सगळे खरे आणि मी खोटा. त्यापेक्षा मी लिहीन तेच कारण बरं. फक्त ते सुचायला हवं.

४ सप्टेंबर
बाबा काठी टेकत थेट टेबलापर्यंत आले. मागे उभे राहिले. कोरा कागद त्यांनी बघितला, याची लाज वाटली आणि रागही आला. म्हणाले, तुया मायचं हाय त्याच्यात. आयकून घे बापा.

म्हटलं, आईला तिसऱ्या प्रकरणात घेतोच आहे. तेव्हा आपण रोहण्यालाच राहायचो, हे मला ठाऊक आहे. पण आईचा गाडीशी काय संबंध? बाबा तिथून हलेनात. मग मीच तोडगा काढला. वीस तारखेला अंक मार्गी लागला की एकवीसला रविवार आहे. रीतसर बसू. मोबाइलवर रेकॉर्ड करू, तुम्ही बोला, मी ऐकतो. बाबांना पटलं. जाता जाता म्हणाले, इसरजो नको. कॅलेंडरवर गोल केला. आता तरी शांतता.

११ सप्टेंबर
बाबा सकाळी न्हाणीत पडले. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. उजवं अंग गेलं. वाचा गेली.

१४ सप्टेंबर, सेवाग्राम
डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल किंवा येणार नाही, वय आहे. कमला दिवसभर बाबांच्या उशाशी. मी बाहेर बाकावर. वही आणली आहे. वेळ सत्कारणी लावावा म्हणून.

लावला नाही.

१९ सप्टेंबर
बाबांना घरी आणलं. ओसरीतल्याच खाटेवर ठेवलं. घर चिडीचूप. आता कोणी मागून हाक मारणार नाही, लिहायला यापेक्षा चांगली परिस्थिती मिळायची नाही, असं मनात आलं. मग स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटली.

२१ सप्टेंबर, रविवार
कॅलेंडरवर गोल. मोबाइल घेऊन ओसरीत गेलो. रेकॉर्डिंग सुरू केलं. म्हटलं, बाबा, ठरल्याप्रमाणे. त्यांनी फार खटपट केली. घशातून नुसता आवाज. डोळ्यांतून पाणी. कमला धावत आली, मोबाइल हिसकावला, म्हणाली, आता काऊन त्याइले छळता?

गजेंद्रचा फोन आला. प्रकरणाच्या पानांवर त्यानं कृषी केंद्राची जाहिरात घेतली आहे. वाईट वाटून घेऊ नको म्हणाला, पुढच्या वर्षी बघू.

२ ऑक्टोबर
गल्ली रिकामी. आज दसरा, सगळे दीक्षाभूमीला गेलेत. घरात आम्ही तिघं. कमला बाबांना चमच्यानं पेज भरवत होती. मी सहज म्हणालो, गेलं ते कारण आता बाबांबरोबरच. तिनं वाटी खाली ठेवली. म्हणाली, मले ठाव हाय.

आईनं शेवटच्या दुखण्यात तिला सांगितलं होतं. वर शपथ घातली: त्याले त्याचा बाप सांगन, तू नोको सांगू. आई आहे तोवर बाबांनीही बोलायचं नाही, असं दोघांत ठरलेलं. आज कमलेनं शपथ मोडली.

रोहण्याच्या अलीकडे वळणावर आई रुळावर बसली होती. मांडीवर मी. बाबा रूळ तपासत पुढे निघून गेले होते. कमला म्हणाली, तुमी रडले म्हनून त्याइनं मांगं पाह्यलं. मग झेंडी. गाडी थांबेपर्यंत आईला उठवून कडेच्या पऱ्हाटीत, कापसाच्या उभ्या पिकात बसवलं होतं. खरं सांगितलं असतं तर पोलीस आले असते, आईचं नाव गावभर झालं असतं. म्हणून साहेबाला म्हणाले, मन झालं.

मी विचारलं, पण आई तिथं काऊन बसली होती? कमला म्हणाली, ते सासूबाईनं मलेबी नाई सांगतलं. ते याइलेच ठाव. आणि तिनं खाटेकडे बोट केलं.

टेबलाशी येऊन दहा ऑगस्टचं पान काढलं. रुळावर एक बाई: फार फिल्मी. काटलं. अक्षर माझंच आहे.

ओसरीत गेलो. बाबांजवळ बसलो. म्हटलं, बाबा, सांगा. मला ऐकायचंय. त्यांनी डावा हात थोडा उचलला, झेंडी धरावी तसा हवेत धरला, खाली ठेवला.

आज लिखाण नाही.