जुन्या गाड्या

४ फेब्रुवारी
आज नवऱ्याने कबूल केलं एकदाचं! चहा ढवळत म्हणाला, "या मोटारींच्या प्रदर्शनात कोणी ढुंकून पाहिलं नाही ना, तर विकून टाकतो गाडी. शेड तुझी." गमतीत म्हणाला असेल. मी गमतीत ऐकलं नाही.

चौदा वर्षं मी जिन्याखाली उकिडवी बसून दुकानांचे बोर्ड रंगवते आहे. आणि भरपूर उजेडाची ती शेड कोणाला, तर त्या पत्र्याच्या महाराणीला! ती सत्तरीची, मी सेहेचाळीसची. गुडघे मात्र माझेच गेलेत.

५ फेब्रुवारी
जुन्या गाड्यांच्या दालनाचा बोर्ड माझ्याकडेच आला. सात गाड्या, सात हौशी मालक, त्यातला एक माझा नवरा. त्याने कागदावर लिहून दिलं होतं – 'मोटारींचा सुवर्णकाळ'. मी फळीवर लिहिलं – 'जुन्या गाड्या'. निळ्यात, ठळक, एकही काना वाकडा नाही.

जुनी गाडी म्हटलं की लोकांना काय कळतं? दुसऱ्याने वापरून टाकलेली. नव्या गाड्या बघायला नटूनथटून आलेलं माणूस कशाला फिरकेल तिकडे! कोणी विचारलंच तर सांगेन, फळीवर मावत नव्हतं.

७ फेब्रुवारी
पहिला दिवस. बोर्डाने काम चोख केलं! माणसं दारापर्यंत येतात, वाचतात, वळतात. पलीकडे विजेवरच्या गाड्या – तिथे पाय ठेवायला जागा नाही. एका बाईने नवऱ्याला दंडाला धरून ओढलं, "अहो, सेकंडहँड आहेत त्या, चला!" तिला मिठी मारावीशी वाटली मला.

आत आले ते दोनच प्रकारचे. संडास शोधणारे आणि घासाघीस करणारे. "ॲव्हरेज काय देते?" "एसी बसेल का?" दातांचे डॉक्टर नऊ वर्षं आपली गाडी स्वतःच्या हाताने घासतायत; त्यांना एकाने विचारलं, "ॲक्सिडेंटची नाही ना?" काय चेहरा झाला त्यांचा! मी खांबाआड जाऊन पोट दुखेपर्यंत हसले.

८ फेब्रुवारी
नवऱ्याने लग्नातला कोट घातला होता. दिवसभर गाडीशेजारी ताठ उभा, हातात फडकं. कोणी आत डोकावलं की लगबगीने बॉनेट उघडायचा. ते निघून गेले की पुन्हा बंद करायचा. अकरा वेळा! दया आली का? नाही आली. मला जिन्याखाली वाकलेली बघून त्याला कधी आली होती?

दुपारी डॉक्टर तणतणत आले. "वहिनी, हे काय लिहून ठेवलंय बाहेर? पार अब्रू काढलीत आमची!" मी तोंड उघडायच्या आत नवरा मध्ये पडला. "तिला बोलू नका, डॉक्टर. साधी आहे ती. नसेल आलं डोक्यात."

साधी! वीस वर्षं संसार केला आणि हे ओळखलं. डॉक्टर दुसरा बोर्ड लिहून द्या म्हणाले, तर मी सांगितलं, रंग वाळायला दोन दिवस लागतात. चार तासांत वाळतो.

९ फेब्रुवारी
शेवटचा दिवस. दुपारी एक बाई बोर्ड वाचून थेट आत आली. माझ्याच वयाची, गुरांची डॉक्टर. म्हणाली, "नव्या गाड्यांत सगळं पडद्यावर असतं, मला नाही झेपत. एखादी साधी जुनी द्या. रोज फिरावं लागतं मला."

बाकीचे सहा जण फिदीफिदी हसले. नवरा नाही हसला.

"रोज चालवणार?" त्याने विचारलं.

"मग काय, बघत बसू तिच्याकडे?"

त्याचा चेहरा असा उजळला की मीच बघत राहिले. चोक किती ओढायचा, गिअर कसा हळू टाकायचा – तासभर तिला दाखवत होता. माझ्याशी वर्षभरात तेवढा बोलला नसेल. शेवटी गाडी तिलाच दिली! मनातल्या मनात नाचले मी.

१२ फेब्रुवारी
शेड धुतली. फरशीवरचे तेलाचे डाग जात नाहीत, मग त्यावर टेबल टाकलं. चौदा वर्षांनी उभ्याने काम केलं. सुख सुख म्हणतात ते हेच! नवरा घरी नव्हता. थंडीत गाडी सुरू होत नाही म्हणून त्या बाईने बोलावलं होतं. "तिचा अजून हात बसलेला नाही," म्हणाला.

१९ फेब्रुवारी
रोज जातो. सकाळी सातला, दाढी करून. घरी आला की त्या बाईच्या गाई-म्हशींच्या गोष्टी सांगतो. मी बोर्डावरून मान वर करत नाही. आज म्हणाला, "तुला हवं ते मिळालं ना?" मी म्हटलं, "मिळालं की! आता जरा उजेडातून बाजूला हो."

२२ फेब्रुवारी
आज सातला गेला तेव्हा हातात बॅग होती. कपाटातला त्याचा खण रिकामा आहे. शेडची त्याच्याकडची किल्ली माझ्या रंगाच्या डब्यावर ठेवून गेलाय.